हात दाखवला की थांबायचं

हो, मीच बोलतोय. क्वमडेरीच्या थांब्यावरचा रूळ. वेल्सच्या या दरीत कोणी हात दाखवला तरच गाडी थांबते, नाहीतर शिटी मारून पुढे निघते.

भट्टीतून निघालो तेव्हा मी सगळ्यांचा होतो. रूळ, गाडी, सिग्नल, सारे एकाच घरचे. रूळ तपासणारे एम्लिन प्रॉसर रोज सकाळी हातोड्याने मला ठोकत माझ्या कडेने चालत जायचे. बर्फ पडो की पाऊस, त्यांचा नेम कधी चुकला नाही. मी खणकन वाजलो की म्हणायचे, "शाब्बास, गड्या!"

मग वर सरकारात बसलेल्यांनी रेल्वेच्या या घराचे वाटे घातले. मी एका कंपनीचा, गाडी दुसरीची. प्रॉसरना घरी बसवलं आणि रुळावर पाऊल टाकायलाही बंदी केली.

एकदा एक रानकोंबडा गाडीखाली आला आणि गाडीला उशीर झाला. उशीर ज्याच्या नावावर, दंड त्याला; म्हणून दोन्हीकडचे साहेब कागद घेऊन हजर! कोंबडा रुळावर बसला म्हणून उशीर रूळवाल्यांचा, की गाडीने उडवला म्हणून गाडीवाल्यांचा? दुपारभर वाद चालला. माझ्याकडे मात्र कोणी वाकून पाहिलं नाही. माझ्या पोटात तेव्हाच चीर पडली होती.

ती ओळखली प्रॉसरनीच. थांब्याच्या कडेवरून लांब दांड्याच्या हातोड्याने त्यांनी सवयीने ठोकलं, तर मी फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजलो. त्यांनी लगेच कंपनीला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "नोंद घेतो. पण तुम्ही आमचे कोण?"

दहाची गाडी यायची वेळ झाली होती. ओल्वेन पार्री थांब्यावरच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. वरच्या गावाहून त्यांची लेक याच गाडीने कामाला जायची.

"एम्लिन, लाल निशाण दाखव ना!"

"मी आता कोण, बाई? रुळावर उतरलो तर मलाच धरून नेतील."

"मग हात दाखवू या. त्याला कुठल्या साहेबाची परवानगी लागते?"

झारी खाली ठेवून त्यांनी हात पुढे केला. ओठांवर प्रार्थना होती. शेजारी प्रॉसरांचाही हात. गाडी थांबली.

"चढा लवकर, मावशी!" ड्रायव्हर ओरडला.

"चढायचं नाही रे. तूच उतर आणि पुढे बघ."

तो उतरला, चीर पाहिली आणि तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडून साहेबांनी विचारलं, "उशीर कोणाच्या नावावर लिहू?"

"त्या रानकोंबड्याच्या! गाडी हलणार नाही," ड्रायव्हर म्हणाला.

मला कापून काढलं. माझा एक धड तुकडा ओल्वेनबाईंनी थांब्यावर घंटेसारखा टांगला. यंदा गाड्यांवर कंपनीच्या जागी सरकारची पाटी आली. घर पुन्हा सगळ्यांचं होतंय म्हणे. देव करो आणि तसंच राहो.

पण पुन्हा कोणी वाटे घालायला आलं, तर घाबरू नका. हातोडा घ्या आणि मला ठोका. या दरीचं उत्तर बद्द येणार नाही, खणखणीत येईल: नाही!