जुन्या फाईलवरचा पहारा

"लॉगची फाईल बदलली की तुझी स्क्रिप्ट जुनीलाच धरून बसेल," ऑफिसात सर्व्हर सांभाळणाऱ्या काकांनी तिला फोनवर बजावलं होतं. "आणि गप्प बसेल. गप्प आहे म्हणजे सगळं ठीक, असं समजू नकोस." मांडीवर लेक किरकिरत होती. तिने हो हो म्हणत फोन ठेवला आणि विसरूनही गेली.

स्क्रिप्ट, म्हणजे तिने लिहिलेला छोटा प्रोग्राम, तशी साधीच. एकट्या राहणाऱ्या आईच्या ऑक्सिजनच्या मशीनला छोटा कॉम्प्युटर जोडलेला. मशीनचं काही बिनसलं की तो लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाईलमध्ये, एक ओळ लिहायचा. स्क्रिप्ट फाईलच्या शेवटाकडे डोळे लावून असायची आणि नवी ओळ दिसली की हिला मेसेज टाकायची. दादाचं घर आईपासून दोन गल्ल्यांवर. पूर्वी तो येता-जाता डोकवायचा. स्क्रिप्ट आल्यापासून बहिणीलाच विचारायचा, मेसेज नाही ना आला, मग झालं तर.

एक दिवस फाईल फुगली म्हणून कॉम्प्युटरने ती बाजूला सारून नवी उघडली. त्यातच मशीनची हवा गाळणारी जाळी धुळीने तुंबली. ऑक्सिजन कमी पडायला लागला, नव्या फाईलमध्ये ओळींवर ओळी पडत गेल्या, आणि स्क्रिप्ट आपली जुन्या फाईलपाशी इमानेइतबारे बसून. मशीन ठणाणा करत होतं, पण आईला ऐकू कमी येतं. वरच्या मजल्यावरच्या बाई आवाजाला वैतागून भांडायला खाली आल्या, म्हणून आई वाचली. ओठ निळे पडले होते.

दवाखान्यात दादा हिच्यावरच उखडला. "तुझी स्क्रिप्ट झोपा काढत होती का?"

काकांचं ऐकलं नाही म्हणून ती स्वतःवर चिडलेली होतीच. हे ऐकून मात्र तिचं माथं फिरलं.

"माझं चुकलं, ते मी निस्तरलं," लेकीला कडेवर सावरत ती म्हणाली. "पण ती जाळी काढून झटकायला कितीसा वेळ लागतो, दादा? घराची किल्ली तुझ्या खिशात आहे. तू आईला शेवटचं कधी बघितलंस?"

दादाने खिशातली किल्ली चाचपली. मग हळूच विचारलं, आता मेसेज नक्की येतील ना.

"आले तरी तुला सांगणार नाही. जाऊन बघायचं."

तिचा राग अजून उतरलेला नाही. आणि तुम्हालाही ती हेच सांगतेय: जवळपास एकटं राहणारं तुमचं कुणी असेल आणि त्यांची बरेच दिवस काही तक्रार आली नसेल, तर आता उठा आणि त्यांच्या दाराची बेल वाजवा.