खंडेनवमीचा एकच हार

मित्रांनो, मी मालगाडीचं एक जुनं वाफेचं इंजिन आहे. यातलं 'आहे' उद्या सकाळपर्यंतच चालेल.

माझा जन्म चित्तरंजनच्या कारखान्यात झाला. कोळसा, खत, सिमेंट, मीठ, असं सगळं मी वर्षानुवर्षं ओढलं. मेलगाडी आली की मला बाजूच्या रुळावर ढकलत. तिला बघून मुलं हात हलवीत. माझ्या वेळी त्यांना नेमके दगड सापडत. पुढे डिझेल आलं. तेव्हा साहेबांनी भाषणात मला 'देशाचा कणा' म्हटलं आणि भंगाराच्या रांगेत उभं केलं.

तिथून गव्हाणच्या धनेशशेठने मला उचललं आणि नवीन पनवेलच्या आपल्या सोसायटीच्या गेटवर मांडलं. माझ्या तोंडावर गुलाबी हसू रंगवलं. कोळशाच्या भट्टीत लोक वेफर्सची रिकामी पाकिटं टाकू लागले.

जीव लावणारं माणूस एकच, धनेशची आई सत्यवती. तिचा नवरा महादेव माझ्या भट्टीत कोळसा टाकायचा. तो गेल्यावरही दर खंडेनवमीला, सगळे आपापली हत्यारं पुजतात तेव्हा, ती मला हार घालायची. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी सुट्टी असते.

आज ती आली आणि तिने हार घातला. गॅसकटर माझ्या चाकाला टेकून ठेवला होता.

"आये, हार कशाला? उद्या कापायचा हाय त्याला," धनेश म्हणाला.

"कापतोस? तुझ्या बापाचा इंजिन हाय तो!"

माझ्या थंड बॉयलरमध्ये वाफ धरल्यासारखं झालं.

"बापाचा नाय, रेल्वेचा. आपल्या स्नेहलची नवी गाडी येतेय. ती कुठं ठेवू, तुझ्या डोक्यावर?"

"माझ्या नातीची गाडी?" सत्यवती विरघळली. "मग आधी सांगायचा ना, मेल्या!"

तिने माझा हार काढला, झटकला आणि गॅसकटरला घातला. त्याला कुंकूही लावलं.

"एकच आनला होता रं," ती मला म्हणाली. "आता हत्यार तो हाय. तू नाय."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना हार घालू नका. जमलं तर तेल घाला.

आज मला धोका नाही. कटरची पूजा झाली आहे, त्याला सुट्टी आहे. उद्या दसरा. शुभकार्याला मुहूर्तसुद्धा बघावा लागत नाही.