पांढरी साय

ढोकीच्या बाजारात लिंबाखाली ही गर्दी. दातांतले किडे काढणारे एक महाराज पितळी नळी माणसाच्या हिरडीला लावत, जोरात ओढत आणि तळहातावर वळवळता किडा टाकत. "डॉक्टर कापतोय, आमी उपटतो," असं म्हणत. लोक हात जोडत.

त्या रांगेत आमचा व्यंकट होता. सनईवाला, माझा शेजारी. त्याच्या पुढच्या दातांची मुळं उघडी पडली होती. धाराशिवच्या डॉक्टर शाहिस्ताबाईंनी टाळूचा पातळ तुकडा काढून हिरडीवर शिवला होता. मऊ, गार खा, तिथं बोट लावू नका, ओढू-फुंकू नका, असं बजावलं होतं. जखमेवर पांढरी साय धरेल, ती राहू द्या, असंही सांगितलं होतं. ते नेमकं त्याच्या बायकोच्या, सारजाबाईच्या ध्यानातून गेलं. नवऱ्याच्या तोंडात पांढरं दिसलं आणि हिरडी सडली म्हणून ती त्याला घेऊन आली.

महाराजांनी नळी लावून ओढलं. किडा निघाला, त्यामागं रक्तानं माखलेला मांसाचा तुकडाही. "रोगाचं मूळ हाय हे," म्हणून त्यांनी तो सगळ्यांना दाखवला.

रक्त थांबेना, तेव्हा मी व्यंकटला धाराशिवला नेलं. शाहिस्ताबाईंनी कापूस दाबून रक्त थांबवलं आणि तोंड पाहिलं.

"तो रोग नव्हता, व्यंकटराव. ती तुमची नवी हिरडी होती."

पुन्हा शिवता येईल, पण आधी हे सगळं भरू द्यावं लागेल, आणि सनईचं सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. व्यंकट ओठांवरून बोटं फिरवत राहिला.

पुढच्या बाजारी मी गावातल्या म्हाताऱ्या महालिंगप्पांना घेऊन गेलो. महाराजांनी त्यांच्याही वरच्या दाढेतून किडा काढला. महालिंगप्पांनी शांतपणे वरची कवळी काढून महाराजांच्या हातावर ठेवली.

"हिच्यात कुठनं आला?"

मी नळी हिसकून दगडावर आपटली. आतलं मेण सुटलं, त्यात चिकटवलेल्या, धान्यात होतात तसल्या अळ्या मातीत पडल्या. महाराज पिशवी उचलून निघाले. कुणी हसलं नाही. सारजाबाई अळ्यांकडं बघत खालीच बसली. "म्याच आणलं त्यान्ला," एवढंच म्हणाली.

तिला दोष देऊ नका. भीती कुणालाही वाटते. पण शंका आली तर ज्यानं टाका घातला त्यालाच विचारा. जखम आपली आपण भरत असते. तिला स्वच्छ ठेवा, वेळ द्या, हात लावू नका. त्या तोंडात किडा कधीच नव्हता. तिथं हिरडी धरत होती.