काकांची ऐंशी पानं

घरच्या कॉम्प्युटरवर एकाच वेळी दोन-चार कामं चालायला लागली, तेव्हा खटपट्या नुसता हवेत गेला. घरात त्याला सगळे खटपट्याच म्हणत, आणि उगीच नाही. फोनच्या तारेवरून एका घरातला मजकूर दुसऱ्या घरी पाठवणारा प्रोग्रॅम त्याने लिहायला घेतला, तोही सुट्या तुकड्यांचा. एक तुकडा फोनच्या तारेला जोडलेल्या मोडेमशी बोलणार, एक पडद्यावर दाखवणार, एक आलेला मजकूर डिस्कवर लिहिणार. हवा तो काढा, दुसरा बसवा, बाकीच्यांना पत्ताही लागणार नाही. या पत्ता न लागण्याचं त्याला कोण कौतुक!

पण डिस्क पडली मंद. कॉम्प्युटरवाल्यांच्या मेळाव्यात आपला प्रोग्रॅम रखडू नये म्हणून याने चलाखी केली. मजकूर मेमरीत आला रे आला की मोडेमच्या तुकड्याने समोरच्याला कळवायचं, ‘पोहोचलं’. डिस्कवर काय ते सावकाश लिहिलं जाईल! मेळाव्यात टाळ्या पडल्या. वर माहितीपुस्तिकेत याने बेधडक छापलं, ‘पोहोचलं’ दिसलं की मूळ प्रत पुसायला हरकत नाही. आता काय म्हणावं या शहाण्याला?

पुस्तिका शब्दन् शब्द वाचणारा जगात एकच माणूस निघाला, तो म्हणजे त्याचे काका. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात हयात घालवलेली, निवृत्तीनंतरही त्याच छापखान्याची प्रुफं तपासत. आपल्या कामातल्या सगळ्या खाचाखोचा त्यांनी पुतण्याने बसवून दिलेल्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप केल्या होत्या. चांगली ऐंशी पानं. एका रविवारी सकाळी ती पुतण्याला पाठवली, ‘पोहोचलं’ दिसलं, आणि पुस्तिकेबरहुकूम काकांनी डिस्कवरची मूळ प्रत पुसली.

इकडे खटपट्याने सोबत चित्रांचा प्रोग्रॅमही चालू ठेवला होता. मशीन अडकलं. त्याने बटण बंद करून पुन्हा चालू केलं, तर फाइल होती, आत काही नव्हतं. पाव तासात त्याला सगळा उलगडा झाला: मजकूर नुसता मेमरीत होता, डिस्कवर उतरायच्या आधीच गेला. तेवढ्यात काकांचा फोन.

“काय रे, वाचलंस का?”

“काका, रिकामीच आलीय. पाठवायच्या आधी चुकून पुसलीत की काय?”

“असेल बाबा. वय झालं आता.”

दुसऱ्याच दिवशी त्याने तो ‘पोहोचलं’ म्हणणारा तुकडा बदलला. काकांना मात्र उद्या सांगू, परवा सांगू करत दोन महिने काढले. आरशात स्वतःचं तोंड बघवत नव्हतं. पण जीभ काही रेटली नाही.

मग एकदा काकूचा निरोप आला, कॉम्प्युटर घेऊन जा. तो गेला तेव्हा काकूने त्याला आधी स्वयंपाकघरात ओढलं.

“प्रुफं परत पाठवली रे यांनी. म्हणे माझा भरवसा नाही आता. गॅस बंद केलाय का ते बघायला चार-चारदा उठतात. डॉक्टर म्हणाले काही झालेलं नाही, पण यांना पटेल तर शपथ!”

जमिनीने पोटात घ्यावं असं खटपट्याला वाटलं. बाहेर काका मोडेमची वायर नीट गुंडाळत होते.

“ने बाबा,” ते म्हणाले. “तुझा प्रोग्रॅम झकास आहे. मीच बावळट.”

“काका, तुम्ही नाही पुसलीत.” “ती माझ्याकडे आली होती. माझ्या प्रोग्रॅमने डिस्कवर लिहायच्या आधीच पोहोचलं म्हणून सांगितलं, आणि मी मशीन बंद केलं. माझी चूक.”

“कधी कळलं तुला?”

“त्याच दिवशी. तुमचा फोन यायच्या आधी.”

काकांच्या हातातली वायर सुटली.

“पानांचं जाऊ दे, पुन्हा लिहीन,” ते म्हणाले. “पण दोन महिने मी स्वतःला खुळा समजतोय. आणि गेल्या रविवारी इथंच बसून तू मला विचारलंस, काका, औषध वेळेवर घेता ना?”

खटपट्याची मान वर होईना. दारात उभ्या काकूने सगळं ऐकलं होतं. तिने फोन आणून त्याच्या पुढ्यात ठेवला.

“छापखान्याचा नंबर सांगते,” ती म्हणाली. “काय झालं ते तूच सांग त्यांना, आणि प्रुफं पुन्हा पाठवा म्हणावं.”

त्याने नंबर फिरवला. पलीकडून कुणीतरी हॅलो म्हणालं, आणि काका त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.