आकसलेलं स्वयंपाकघर

पहिलं खोकं आलं त्याच संध्याकाळी ऋजुताचं स्वयंपाकघर वीतभर लहान झालं. फ्रिज सरकून ओट्याला टेकला, एवढंच. त्याचं कोणाला विशेष वाटलं नाही. ऋजुता फिजिओथेरपिस्ट, नवरा निनाद बँकेत; दोघंही नाशिकच्या आपल्या फ्लॅटमध्ये थकून यायची. कंपनीची महिन्याची वर्गणी भरली की स्वयंपाकाच्या तयारीचं खोकं दारात. भाजी चिरलेली, मसाला मोजलेला, डाळ भिजवलेली. फोडणी द्यायची आणि जेवायला बसायचं.

"वेळ वाचतो की नाही?" निनादने विचारलं.

"वाचतो," ऋजुता म्हणाली. खरंच वाचत होता.

निनादची आई शकुंतलाबाई मात्र स्वयंपाकघरातून हलेनात. इतकी वर्षं घरचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा. आता हाताला काम नव्हतं, तरी ओट्याखाली पाट टाकून त्या बसून राहायच्या. खोकी येत गेली, भिंती जवळ येत गेल्या. आधी खिडकी गेली. मग आत वळायलाही जागा उरेना, तेव्हा ऋजुताने शेगडी हॉलमध्ये आणली.

"आई, बाहेर या ना. सोफ्यावर बसा."

"इथं काय वाईट आहे गं? पाय जवळ घेतले की मावते मी."

दार ओट्याखालच्या कपाटाएवढं झालं, तेव्हा निनाद घाबरला. "आई, हात दे. ओढून घेतो."

"जेवून घ्या तुम्ही," आतून आवाज आला. "गार होतंय."

ऋजुताने कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी अदबीने बोलली. "बंद केलं मॅडम. उद्यापासून खोकं येणार नाही."

"आणि स्वयंपाकघर?"

"गेलेली जागा परत मिळत नाही, मॅडम."

सकाळी भिंतीत जमिनीलगत फक्त एक फट राहिली होती. निनाद तिच्यासमोर मांडी घालून बसला होता. ऋजुता फरशीवर आडवी झाली आणि तिने हात आत घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. आत ऊब होती. समोरची भिंत कुठे हाताला लागेना.

"आई?"

कोणीतरी तिच्या तळहातावर नुकत्याच मळलेल्या पिठाचा मऊ गोळा ठेवला, तिची बोटं एकेक करून त्यावर मिटवली, आणि मनगट घट्ट धरलं.