न विचारलेला प्रश्न

मंगळवारी सकाळी लिनेट हार्करने नेहमीप्रमाणे चर्चच्या मागच्या हॉलचं कुलूप काढलं, चहाचं पाणी चढवलं, बशीत बिस्किटं मांडली आणि टेबलापलीकडची खुर्ची उचलून भिंतीला लावून ठेवली. ती खुर्ची ती कुणाला देत नसे. कुणी विचारलंच तर म्हणे, पाय डुगडुगतो. चारही पाय चांगले भक्कम होते.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्या खुर्चीवर जोडी स्केल्टन बसली होती.

इंग्लंडमधल्या ग्रिम्झबी बंदराच्या गोदीमागच्या या हॉलमध्ये लिनेट फुकट सल्ला द्यायची. सरकारी मदतीचे अर्ज भल्याभल्यांना उमगत नाहीत, ती ते भरून द्यायची. बाई मनाने सोन्यासारखी. पण चांगली माणसंही कधी कधी नकळत गळा कापतात, आणि तो कापलेला गळा पुढे जन्मभर त्यांना दिसत राहतो.

जोडीला सातवा महिना होता. मासे धुरावर धरायच्या कारखान्यात ती दहा महिने राबली, कारखाना बंद पडला आणि ती घरी बसली. हे सल्ला केंद्र चालवणाऱ्या समितीने छापून दिलेल्या कागदावर पहिलाच प्रश्न होता, नवरा कामाला आहे का? जोडी म्हणाली, आहे, गोदामात. "मग पोरी, तुला काही मिळायचं नाही," लिनेट मायेने म्हणाली होती आणि कागद बाजूला ठेवला होता. जोडीने हुज्जत घातली नाही. दोन बिस्किटं घेतली, एक खाल्लं, एक ओल्या कोटाच्या खिशात टाकलं आणि धुक्यात निघून गेली.

लिनेटला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण ती जुन्या वळणाच्या घरातली. या गल्ल्यांत रीतच होती, शुक्रवारी नवऱ्याने पगाराचं पाकीट न फोडता बायकोच्या हातावर ठेवायचं. ज्याने वाटेत फोडलं, त्याला दारूच्या गुत्त्यातले पुरुषसुद्धा हसत. लिनेटच्या बापाने ते पाळलं, नवऱ्याने मरेपर्यंत पाळलं. नवरा कमावतो म्हणजे बायकोच्या हातात पैसा आहे, हे तिने धरूनच चाललं. पाकिटं कधीच गेली होती. पगार आता नवऱ्याच्या फोनमध्ये पडे आणि जोडीला बसभाड्यासाठीसुद्धा हात पसरावा लागे. दवाखाना चार मैलांवर. आधी ती चालत गेली, मग जायचीच थांबली. रक्तदाब चढत गेला, तो मोजायला कुणी नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून नवऱ्यापुढे हात पसरावा लागतो हे तिने आईलाही कळू दिलं नाही. फेब्रुवारीत ती आणि पोटातलं बाळ, दोघंही गेली.

दफनाहून परतल्यावर लिनेटने नियमांचं पुस्तक पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. बाळंतपणाआधीच्या सव्वा वर्षात सहा महिने काम केलेल्या बाईला स्वतःच्या कामावर भत्ता मिळतो. नवऱ्याचा पगार त्यात धरतच नाहीत.

तिने कुणाला सांगितलं नाही. समितीला कागद बदला म्हणावं, तर तुम्हाला हे कधी कळलं, असा प्रश्न आला असता. म्हणून ती आलेल्या बायकांना, तू स्वतः कामाला होतीस का, हा कागदावर नसलेला प्रश्न हळूच विचारून घ्यायची. हॉल रिकामा झाला की मात्र भिंतीजवळून ओल्या कोटाचा वास यायचा. ती त्या बाजूला बघायचं टाळायची.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला एक जोडपं आलं. कॅलम आणि बेथनी. बेथनी चांगली पोटुशी होती. लिनेट काही म्हणायच्या आत तिने भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसली. लिनेटच्या हातातला पेन खाली पडला.

बोलायला कॅलमने सुरुवात केली. "मी कमावतो. म्हणजे हिला काही मिळत नाही, बरोबर ना? तेवढं तुमच्या तोंडून हिला सांगा, म्हणजे घरातली रोजची कटकट मिटेल."

समितीचा कागद समोरच होता. लिनेटने तो उलटा करून ठेवला.

"मी अजून तुम्हाला काही विचारलेलं नाही," ती म्हणाली. "पोरी, तू कुठे कामाला होतीस?"

बेथनीने आधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "वृद्धाश्रमात. म्हाताऱ्यांना आंघोळी घालायचे. ऑगस्टपर्यंत. आठ महिने."

"मग भत्ता तुझा आहे. तुझ्या कष्टाचा. यांचा पगार त्यात कुणी विचारात घेत नाही."

कॅलम हसला. "येऊ दे की. घरात खातं एकच आहे, माझं."

"मग हिच्या नावाचं आजच उघडू."

त्याचं हसू मावळलं. गाडीची किल्ली उचलून तो दारात गेला आणि चल म्हणाला. बेथनी अर्धी उठली. ही उठून गेली तर आणखी एक पोरगी त्या धुक्यात जाणार होती.

"तू हो पुढे," बेथनी खाली बसत म्हणाली. "मी सही करून येते."

दार आपटलं. अर्ज भरून झाला, बँकेत फोन झाला. सही करता करता तिने सहज विचारलं, "हे आधी कुणाला ठाऊक नव्हतं का हो?"

या प्रश्नाला लिनेट दोन वर्षं भीत होती. "नियमात होतं," ती म्हणाली. "मी विचारलं नाही."

दुपारी हॉल बंद करून ती ज्या गल्लीत पाऊल टाकत नव्हती त्या गल्लीत गेली. जोडीच्या आईने, ॲव्हरिलने, दार उघडलं. लिनेटने उंबऱ्यातच सगळं सांगितलं. भत्ता जोडीचा हक्काचा होता, आणि आपण एक प्रश्न विचारला नाही.

ॲव्हरिलने सगळं ऐकून घेतलं.

"जोडी म्हणायची, आई, मीच त्या बाईंना काहीतरी चुकीचं सांगितलं असेल. एवढ्या चांगल्या होत्या त्या."

लिनेट रडू लागली. ॲव्हरिलने तिला शिव्याही दिल्या नाहीत आणि धीरही दिला नाही. ती आत गेली आणि कोट चढवून बाहेर आली.

"समिती कुठे भरते ते दाखवा. तो प्रश्न कागदावरून काढायचा. का काढायचा विचारतील, तेव्हा माझ्या पोरीचं नाव घ्यायचं. आणि तुमचंही."

लिनेटने डोळे पुसले आणि ती तिच्याबरोबर चालू लागली.