घंटा तिची नव्हती

घंटा वाजली आणि तिने अंगात होतं नव्हतं ते सगळं पायांत ओतलं.

दहा हजार मीटरच्या शर्यतीत घंटा वाजते ती सगळ्यात पुढे असलेल्या बाईसाठी, तिची शेवटची फेरी सुरू होताना. ज्या एक अख्खी फेरी मागे पडलेल्या असतात त्यांनी त्या वेळी बहिरं व्हायचं आणि आपल्या उरलेल्या फेऱ्या मुकाट्याने धावायच्या. हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. घंटेला फसून आधीच हात वर करणाऱ्या मुलींना ती पोट धरून हसलीही होती. पण इतकी वर्षं घंटा वाजली ती तिच्यासाठीच. कानांना दुसरी सवयच नव्हती.

रेघ ओलांडून तिने हात वर केले. बघणारं कोणी नव्हतं, कारण सगळं मैदान नुकत्याच जिंकलेल्या पोरीभोवती गोळा झालं होतं.

"बाई," फेऱ्या मोजणारे काका जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुमची अजून एक आहे."

ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली. हिरवळ दोन पावलांवर होती. हिरवळीची आणि तिची जुनी ओळख. दोन वर्षांपूर्वी, शर्यतीत पहिली असताना, ती धावणं सोडून हिरवळीवर जाऊन बसली होती. पाय मुरगळला नव्हता, चक्कर आली नव्हती. नको वाटलं, म्हणून बसली. डॉक्टरांनी झाडून सगळ्या तपासण्या केल्या. रक्त उत्तम, हृदय उत्तम, दोष म्हणून सापडेना. "त्यापेक्षा पाय मोडला असता तर बरं झालं असतं," थोरली बहीण म्हणाली, "लोकांना सांगता तरी आलं असतं." ऑफिसात साहेब खुर्ची पुढे करत, "बसा मॅडम, तुम्हाला आवडतं," आणि बाकीचे साहेबांना बरं वाटावं म्हणून हसत.

मैदानावर परत आली तेव्हा पळायला शिकवणाऱ्या सरांना तिने सांगून टाकलं होतं, "जिंकायचं नाही, सर. एक शर्यत पुरी करते आणि सोडते. अर्धवट टाकलेलं धड सोडताही येत नाही हो."

काका अजून घुटमळत होते. "मी धरून टाकतो पुरी झाली म्हणून. कोणाचं लक्ष आहे इकडे?"

तिने कठड्याकडे पाहिलं. सर तिथेच उभे होते. ताप आला तरी "पळ, घाम येईल, उतरेल" म्हणणारा माणूस.

"ऐक त्यांचं," सर म्हणाले. "झालं तेवढं पुष्कळ झालं, बाळ."

सर तिला गाढव म्हणत, घोडी म्हणत, एकदा तर फर्निचर म्हणाले होते. बाळ कधीच नाही. आपण सोडायच्या आधीच सरांनी आपल्याला सोडलंय, हे तिला तेव्हा कळलं.

"काका, बाजूला व्हा जरा," ती म्हणाली.

ती धावली असं म्हणणं जरा जास्तच होईल. पाय उचलत होते आणि पडत होते, एवढंच. सगळा जोर आधीच्या फेरीत, दुसऱ्या कोणाच्या तरी घंटेवर उधळून झाला होता. पलीकडच्या वळणावर मैदानावरची माणसं पुढच्या शर्यतीचे अडथळे मांडत होती.

"अरे थांब, थांब! एक राहिलीये अजून!"

"आता कोण राहिली?"

"कोण का असेना. उचल ना."

त्यांनी अडथळा उचलून धरला. ती त्यांच्यामधून गेली. "सावकाश होऊ द्या, ताई, आम्हाला घाई नाही," एकजण म्हणाला, आणि मागून अडथळा परत खाली ठेवल्याचा आवाज आला.

शेवटच्या सरळ पट्ट्यात आतल्या दोन पट्ट्या अडवून जिंकलेल्या पोरीचा फोटो चालला होता. पोरगी हसत होती, तिची आई रडत होती, आणि फोटोग्राफर दोघींना उलट करायला सांगत होता.

"ओ बाई, फोटोत येताय! तिकडून, तिकडून जा!"

ती तिकडून गेली. एकेक पट्टी सोडत पार बाहेरच्या कडेला. रेघ तिथेही आखलेली होती. ती तिच्यावरून गेली.